सात फिरते, तीन स्थिर: एका चौरसाचे रसग्रहण

२६ एप्रिल १९५९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर गणिताची एक बातमी झळकली. लिओनार्ड ऑयलरची पावणेदोनशे वर्षे टिकून राहिलेली एक अटकळ तिघांनी मिळून खोटी पाडली होती. राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट टिल्डन पार्कर हे ते तिघे. बोस कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून अमेरिकेत गेलेले. श्रीखंडे त्यांचे विद्यार्थी. दोघेही तेव्हा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात काम करत होते. पार्कर मिनेसोटात, संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅक विभागात नोकरीला होते. श्रीखंडे यांचा जन्म सागरचा, महाविद्यालयीन शिक्षण नागपूरचे. पुढे १९६३ ते १९७८ ते मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. २०२० मध्ये, वयाची १०२ वर्षे पूर्ण करून, ते गेले.

बातमी आली त्याच वर्षीच्या, १९५९ च्या, नोव्हेंबरात ‘सायंटिफिक अमेरिकन’ने दहा बाय दहाचा एक रंगीत चौरस मुखपृष्ठावर छापला. प्रत्येक घरात दोन रंग, आणि रंगांची प्रत्येक जोडी एकदाच. पार्करने घडवलेला तो चौरस रंगांऐवजी अंकांत लिहिला की त्याची घडण उलगडत जाते. एखादी उत्तम रचना ओळीओळीने वाचावी तसा तो इथे वाचायचा आहे. शंभर घरांच्या या चौरसात एक अतिशय मोठी समज सामावलेली आहे: सममिती कुठे धरायची आणि कुठे सोडायची.

आधी मूळ प्रश्न. सहा पलटणींतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा-सहा अधिकारी घ्या. एकूण ३६. त्यांना सहा रांगा आणि सहा स्तंभांत असे उभे करा, की प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटणीचा एकच आणि प्रत्येक हुद्द्याचा एकच अधिकारी येईल. ऑयलरने हा प्रश्न १७७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडला. निबंध छापून आला १७८२ मध्ये. त्याची दृष्टी तोवर जवळजवळ पूर्ण गेली होती. विषम संख्यांचे आणि चाराने भाग जाणाऱ्या संख्यांचे असे चौरस त्याला करता येत होते. दोनाचा होत नाही, हे कुणालाही कागदावर क्षणात दिसते. सहाचा त्याला जमेना. मग त्याने अटकळ बांधली: २, ६, १०, १४, १८ अशा, चाराने भागल्यावर दोन बाकी उरणाऱ्या, कोणत्याच संख्येचा चौरस होणार नाही.

१९०० च्या सुमारास गॅस्तों तारी या फ्रेंच हौशी गणितज्ञाने एकेक शक्यता हाताने, वर्गवारी करत तपासली आणि सहाच्या बाबतीत ऑयलर बरोबर असल्याचे सिद्ध केले. पुढचा आकडा दहा. तिथे हाताने तपासणे अशक्य होते. संगणक आले तेव्हा लॉस एंजेलिसला पेज आणि टॉम्पकिन्स यांनी स्वॅक या यंत्रावर शोध घेऊन पाहिला, पण शक्यतांचा सागर इतका अफाट, की यंत्र त्यात किनाऱ्यापाशीच घुटमळत राहिले.

आणि मग हा चौरस आला.

०० ४७ १८ ७६ २९ ९३ ८५ ३४ ६१ ५२
८६ ११ ५७ २८ ७० ३९ ९४ ४५ ०२ ६३
९५ ८० २२ ६७ ३८ ७१ ४९ ५६ १३ ०४
५९ ९६ ८१ ३३ ०७ ४८ ७२ ६० २४ १५
७३ ६९ ९० ८२ ४४ १७ ५८ ०१ ३५ २६
६८ ७४ ०९ ९१ ८३ ५५ २७ १२ ४६ ३०
३७ ०८ ७५ १९ ९२ ८४ ६६ २३ ५० ४१
१४ २५ ३६ ४० ५१ ६२ ०३ ७७ ८८ ९९
२१ ३२ ४३ ५४ ६५ ०६ १० ८९ ९७ ७८
४२ ५३ ६४ ०५ १६ २० ३१ ९८ ७९ ८७

घरातला पहिला अंक म्हणजे पलटण, दुसरा म्हणजे हुद्दा. खरे तर हे एकावर एक ठेवलेले दोन चौरस आहेत, पहिल्या अंकांचा एक आणि दुसऱ्या अंकांचा त्याचा जोडीदार. कोणतीही ओळ किंवा स्तंभ घ्या, पहिल्या जागी ० ते ९ हे सगळे अंक एकेकदा येतात, दुसऱ्या जागीही तसेच. आणि ०० ते ९९ या शंभर जोड्यांपैकी प्रत्येक जोडी चौरसात कुठेतरी एकदाच आहे.

पहिल्या नजरेला हे सगळे विस्कळीत वाटते. पेन्सिल घेऊन डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरपे खाली या: ००, ११, २२, ३३, ४४, ५५, ६६. इथवर कुणालाही दिसते. आता शेजारच्या ४७ पासून तसेच तिरपे उतरा: ४७, ५७, ६७, ०७, १७, २७. सातव्या स्तंभापाशी डावीकडचा सात बाय सातचा भाग संपतो, म्हणून त्याच भागाच्या डाव्या कडेला परत या. तिथे सातव्या ओळीत ३७ उभा आहे. पहिला अंक प्रत्येक पावलाला एकाने वाढतो आणि सहानंतर पुन्हा शून्यावर येतो. दुसऱ्या जागचा ७ मात्र हलत नाही.

हीच चाल सगळीकडे सापडते. ७६ पासून निघालात तर ७०, ७१, ७२, ७३, ७४, ७५: आता पहिल्या जागचा ७ स्थिर आणि दुसरा अंक फिरता. १८, २८, ३८, ४८, ५८, ६८, ०८. त्यानंतर २९ ची, ९३ ची, ८५ ची तिरपी रांग. म्हणजे दहा अंकांचे दोन गट पडले आहेत. ० ते ६ हे सात अंक चक्रात फिरतात. ७, ८, ९ हे तीन जागेवर उभे असतात. वारीच्या रिंगणात घोडा धावतो आणि वारकरी कडेने उभे राहतात, पण रिंगण दोघांचे मिळूनच होते, तसे हे आहे.

उजवीकडचे तीन स्तंभ वरून खाली वाचा: ३४, ४५, ५६, ६०, ०१, १२, २३. तळच्या तीन ओळी डावीकडून उजवीकडे वाचा: १४, २५, ३६, ४०, ५१, ६२, ०३. इथे दोन्ही अंक फिरते आहेत आणि एकत्र पावले टाकतात. उरला उजवा खालचा कोपरा. तिथे फक्त ७, ८, ९ हे स्थिर अंक राहतात, आणि त्यांचा आपला वेगळा तीन बाय तीनचा, ऑयलरच्या सगळ्या अटी पाळणारा, छोटा चौरस आहे. मोठ्या चौरसाच्या पोटात त्याच जातीचा लहान चौरस.

आता मोजणी करा. वरच्या ओळीतली सात घरे, उजवीकडच्या तीन स्तंभांची तीन, तळच्या तीन ओळींची तीन, अशी एकूण तेरा बीजे. प्रत्येक बीज सात पावले चालते: ९१ घरे झाली. त्यात कोपऱ्यातली नऊ मिळवली की शंभर. पार्करला शंभर घरे भरायची नव्हती. तेरा बीजे निवडायची होती, आणि ती नीट निवडली की बाकीचा चौरस आपोआप उगवतो. पडताळाही तितकाच सोपा होतो. पहिली ओळ बरोबर असेल तर वरच्या सातही ओळी बरोबर, कारण प्रत्येक ओळ म्हणजे आधीच्या ओळीचे एक पाऊल पुढे टाकलेले रूप.

पण बीजे निवडायची कशी? माझ्या मते या चौरसातली सर्वांत सुंदर जागा इथे आहे. दोन्ही अंक फिरते असतील अशा जोड्या एकूण ४९. जोडी जेव्हा चालते तेव्हा तिच्या दोन अंकांतला फरक कायम राहतो, कारण दोघे एकत्र पुढे सरकतात. म्हणून ४९ जोड्यांचे फरकानुसार सात कळप होतात, आणि प्रत्येक कळपातून एकच बीज यायला हवे. कमी पडले तर जोडी हुकेल, जास्त झाले तर ती दोनदा येईल. सातावर चक्र फिरते हे ध्यानात ठेवून दुसऱ्या अंकातून पहिला वजा करा. ०० चा फरक ०. उजवीकडच्या बीजांचे: ३४ चा १, ६१ चा २ (१ वजा ६ म्हणजे उणे ५, त्यात ७ मिळवले की २), ५२ चा ४. तळच्या बीजांचे: १४ चा ३, २१ चा ६, ४२ चा ५. शून्य ते सहा, सगळे फरक एकेकदा हजर. त्यातही उजवीकडे १, २, ४ आले आणि खाली ३, ५, ६. कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग करून साताने भागा, बाकी शून्य नसेल तर ती १, २ किंवा ४ यांपैकीच असते. ३, ५, ६ कधीच मिळत नाही. वर्गांच्या बाक्या उजव्या कडेला, उरलेल्या तळाला. डोळ्याला विस्कळीत वाटणाऱ्या चौरसाच्या दोन कडांवर संख्यासिद्धांतातली ही जुनी विभागणी शांतपणे बसली आहे. हे पहिल्यांदा ध्यानात येते तेव्हा होणारा आनंद एखाद्या उत्तम बंदिशीतली जागा सापडल्यावर होतो त्याच जातीचा असतो.

मग प्रश्न पडतो, सात आणि तीन अशी फोड का? सगळ्या दहा अंकांना एकाच चक्रात फिरवले असते तर रचना आणखी सुबक झाली असती. ऑयलरने नेमके हेच तपासले होते, आणि सम संख्येच्या चक्राकार चौरसाला जोडीदार मिळत नाही हे त्याने ओळखले होते. कारण दोन ओळींत सांगता येते. ओळींना आणि स्तंभांना ० ते ९ क्रमांक द्या आणि प्रत्येक घरात ओळ अधिक स्तंभ ही बेरीज लिहा. नऊच्या वर गेली तर एककाचा अंक ठेवा. हा झाला पूर्ण चक्राकार चौरस. त्याला जोडीदार चौरस असता, तर जोडीदारातला एकच अंक, समजा ०, ज्या दहा घरांत येतो ती दहा घरे पाहा. ती प्रत्येक ओळीत एक, प्रत्येक स्तंभात एक, आणि त्यांत आपल्या मूळ चौरसातले दहाही अंक एकेकदा. ओळींच्या क्रमांकांची बेरीज ४५, स्तंभांची ४५, मिळून ९०, म्हणजे एककाचा अंक ०. पण दहा अंकांची आपली बेरीज ४५, एककाचा अंक ५. शून्य आणि पाच जुळत नाहीत. मार्ग बंद.

साताला ही अडचण येत नाही: २१ अधिक २१ म्हणजे ४२, साताने भाग जातो, आणि २१ लाही जातो. अडचण फक्त सम संख्यांना. म्हणून पार्करने दहातले तीन अंक चक्राबाहेर काढले. पूर्ण सममिती टिकवण्याचा हट्ट सोडला, पण सातापुरती ती घट्ट धरून ठेवली. सगळी सोडली असती तर शंभर घरांच्या अंधारात तो चाचपडत राहिला असता. सगळी धरली असती तर ऑयलरची भिंत समोर आली असती.

हा साचा दहापुरता नाही. सातच्या जागी १५ आणि तीनच्या जागी ७ घेतले की २२ चा चौरस मिळतो. तसेच पुढे ३४, ४६. पण २२ ला बोस आणि श्रीखंडे आधीच, पूर्णपणे वेगळ्या वाटेने, पोहोचले होते. ती वाटही थांबून पाहण्यासारखी आहे. १८५० मध्ये थॉमस कर्कमन या इंग्रज धर्मगुरूने एक कोडे छापले: पंधरा मुली आठवडाभर रोज तीन-तीनच्या रांगांत फिरायला जातात, कोणत्याही दोघी आठवड्यात नेमक्या एकदाच एका रांगेत याव्यात, अशी व्यवस्था लावा. व्यवस्था लागते. रोज पाच रांगा, सात दिवसांच्या ३५. आता पंधरा मुलींच्या जोडीला आठवड्याचे सात वार घ्या: एकूण २२. प्रत्येक रांगेतल्या तिघींत त्या दिवसाचा वार घाला. ३५ चौकड्या झाल्या. सात वारांचा आणखी एक गट करा. आता २२ पैकी कोणतेही दोन घ्या, ते नेमक्या एका गटात एकत्र सापडतात: दोन मुली त्यांच्या समाईक रांगेत, मुलगी आणि वार त्या वाराच्या तिच्या रांगेत, दोन वार सातांच्या गटात. चार आणि सात या दोन्ही संख्यांचे चौरस आधीपासून माहीत होते. ते छोटे चौरस या गटांवर बसवून बोस-श्रीखंडे यांनी २२ चा मोठा चौरस विणला. शाळकरी मुलींचे एक कोडे ऑयलरच्या अटकळीला शतकानंतर भिडले.

दोन्ही वाटा एकत्र आणून तिघांनी १९६० मध्ये ‘कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये पूर्ण निकाल छापला: दोन आणि सहा सोडले तर ऑयलरने नाकारलेल्या प्रत्येक संख्येचा चौरस होतो. ऑयलर दोनच ठिकाणी खरा आणि पुढे अगणित ठिकाणी चुकीचा निघाला. लहान उदाहरणांवरून पुढचे ठरवणे किती धोक्याचे असते याचा इतका स्वच्छ दाखला गणितात क्वचितच आहे.

या चौरसाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो अभियांत्रिकीचा आहे. प्रत्येक घराचा चार अंकी शब्द करा: ओळ, स्तंभ, पहिला अंक, दुसरा अंक. मोजणी शून्यापासून केली तर सर्वांत वरच्या ओळीतल्या ४७ चा शब्द होतो ०१४७. असे शंभर शब्द. चौरसाच्या अटींमुळे कोणत्याही दोन शब्दांत जास्तीत जास्त एक अंक जागच्या जागी जुळतो, म्हणजे ते किमान तीन जागी वेगळे असतात. समजा ०१४७ तारेवरून जाताना बिघडून ०१४९ झाला. ओळ ० आणि शेवटचा ९ पकडला तर चौरसात २९ चे घर मिळते, शब्द ०४२९, जो आलेल्या शब्दापासून दोन जागी वेगळा. एकाच जागी वेगळा असा शब्द एकच, ०१४७. चूक सापडली आणि दुरुस्तही झाली. याहून जास्त शब्द बसवताही येत नाहीत: कोणत्याही दोन जागा पुसल्या तरी उरलेले दोन अंक वेगळेच राहायला हवेत, आणि दोन अंकांच्या जोड्या शंभरच.

चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा पाया बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये घातला. बोस आणि श्रीखंडे १९५९ मध्ये त्याही विषयावर लिहीत होते. पुढच्याच वर्षी बोस आणि द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांनी जी संकेतपद्धत मांडली ती फ्रान्समध्ये ऑक्केंगेमने स्वतंत्रपणे शोधली होती. आज तिला तिघांच्या आद्याक्षरांवरून बीसीएच म्हणतात, आणि दुकानातल्या क्यूआर कोडच्या एका भागाचे रक्षण तीच करते. सहा चिन्हांत मात्र असे ३६ शब्द मिळत नाहीत. तारीने दारच बंद केले आहे. २०२२ मध्ये पोलंडमधल्या आणि आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी दाखवले, की अधिकाऱ्यांना क्वांटम अवस्थांचे मिश्रण होऊ दिले तर सहाचाही प्रश्न सुटतो, आणि त्यातून क्वांटम संकेत मिळतो.

दहाचा प्रश्न मात्र दोन चौरसांवर थांबलेला नाही. एकमेकांशी असे जुळणारे नऊ चौरस मिळाले असते, तर १११ बिंदू आणि १११ रेषांची, प्रत्येक रेषेवर ११ बिंदू असलेली, दहा क्रमाची भूमिती उभी राहिली असती. चौरस आणि भूमिती यांचे हे नाते बोस यांनी १९३८ मध्येच स्पष्ट केले होते. या भूमितीचा निकाल लागला तो संकेतशास्त्र आणि संगणक यांच्या संगनमताने. रेषांपासून शून्य-एकांचा संकेत बनवला, त्यात किती एक असलेले शब्द असायलाच हवेत हे काढले, आणि मग त्या शब्दांचा शोध घेतला. माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातले लॅम, थिएल आणि स्विएर्झ यांनी क्रे महासंगणकाचे सुमारे दोन हजार तास वापरून १९८९ मध्ये उत्तर छापले: अशी भूमिती नाही.

दोन चौरस आहेत, नऊ नाहीत. मग तीन? हे आजही कुणाला माहीत नाही. २००७ मध्ये मॅके, मेनर्ट आणि मिरवोल्ड यांनी प्रचंड शोधानंतर दाखवले, की दहाचे तीन चौरस एकमेकांशी जुळत असतील, तर त्यांतल्या कोणत्याही चौरसाला कसलीच सममिती असणार नाही. पार्करच्या चौरसात सातांचे फिरणे आहे, म्हणून त्याच्या जोडीला तिसरा कधीच मिळणार नाही.

या निकालाने प्रश्नाची जातच बदलून टाकली आहे. १९५९ मध्ये तिघांनी शिकवले की सममिती थोडी सोडली की वाट फुटते. तिसऱ्या चौरसासाठी ती पूर्ण सोडावी लागेल, आणि सममिती गेली की तेरा बीजांतून शंभर घरे उगवणे, एका ओळीच्या तपासावर सात ओळींचा भरवसा ठेवणे, ही सगळी सोय जाते. नुसत्या यंत्रबळावर हा प्रश्न लवकर सुटेल असे मला वाटत नाही. फिरण्या-वळण्याशिवाय घडवण्याची कोणती तरी शिस्त लागेल, किंवा अशी शिस्त असूच शकत नाही याचे बेरीज-वजाबाकीइतके स्वच्छ कारण. पार्करचा चौरस पेन्सिलीने एकदा नीट वाचला की या दोन्हींपैकी काय शोधायचे आहे ते कळते. गणिताची आवड असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा तरी स्वतःच्या हाताने उतरवून काढावा.